येते म्हणावं

१

कुठल्याही इमारतीला कुलूप लावताना इला तिला "येते" म्हणायची. आत कोणी असो वा नसो.

इला जन्मली अमेरिकेत, वाढली मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये. तिचं मराठी म्हणजे जेवणाखाण्याचं, दुखण्याखुपण्याचं आणि वडिलांची बोलणी खाण्याचं. व्याकरणाचं तर विचारूच नका. पन्नाशीला टेकली तरी "मी तुला फोन केली" असंच म्हणायची. पण एक गोष्ट आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिच्या अंगात मुरवली होती. घरातून निघताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. सहा वर्षांची असताना ती एकदा शाळेच्या बसकडे पळता पळता "जाते" असं ओरडली. आप्पा अनवाणी बर्फात धावले, तिला दंडाला धरून परत आणलं, दारात उभं केलं आणि "येते" म्हणवून घेतलं. बस अर्थातच चुकली.

तेव्हापासून दवाखाना असो, ऑफिस असो की वाण्याचं दुकान, बाहेर पडताना तिच्या तोंडून तो शब्द पुटपुटल्यासारखा निघायचाच. रिकाम्या इमारतींनाही ती तसंच म्हणायची, कारण तिचं सगळं आयुष्यच रिकाम्या इमारतींत गेलं होतं. जुन्या वास्तू मोजायच्या, काय राखायचं आणि काय बदलायचं ते ठरवायचं, मग त्यांना नव्या कामाला लावायचं. बंद गिरणीचं वाचनालय, ओस चर्चचं पाळणाघर. हे शिक्षण तिनं इंग्लंडात, यॉर्कला जाऊन घेतलं होतं. तिथल्या एक वयस्कर बाई सांगायच्या, इमारतीला हात लावण्याआधी तिला तुमची सवय होऊ द्या. इलाला ते वाक्य फार आवडायचं. ऑफिसात टेबलासमोर लिहून लावलं होतं तिनं. पुढे तो कागद तिनं स्वतःच काढून टाकला.

त्या ऑक्टोबरात तिच्याकडे काउंटी होमचं काम आलं. स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या तिच्या घरापासून चाळीस मिनिटांवर, डोंगराच्या पायथ्याशी ही दगडी दुमजली इमारत एकटीच उभी होती. ज्यांना घरी ठेवून घ्यायला कोणी नाही असे म्हातारे आणि दुबळे लोक पूर्वी काउंटी तिथे ठेवायची. पन्नास-साठ वर्षं ती बंदच होती. आता एका कंपनीला तिथे विसरभोळेपणाचा आजार झालेल्या वृद्धांसाठी निवास करायचा होता. इमारत राज्याच्या संरक्षित यादीत होती, म्हणून बाहेरचं रूप तसंच ठेवणं भाग होतं. खिडक्या तर मुळीच बदलायच्या नव्हत्या. दर्शनी बाजूच्या बावीस खिडक्यांना अजून पहिल्याच काचा होत्या, पातळ आणि लहरी पडलेल्या. अशा काचेतून पाहिलं की बाहेरचा रस्ता हलतो.

चौथ्या दिवशी ती वरच्या मजल्यावर खिडक्यांची तपासणी करत होती. प्रत्येक खिडकीला नंबर द्यायचा, लाकूड कुजलंय का पाहायचं, काचेची अवस्था लिहायची. तेरा खिडक्यांपुढे तिनं 'धूळ, जाड थर' असं लिहिलं. चौदाव्या खिडकीच्या काचेवर तळहाताएवढा एक गोल स्वच्छ होता.

कोणीतरी आतून पुसला होता. ख्रिसमसचे पाहुणे कधी येतात हे बघायला पोरं वाफ धरलेली काच पुसतात, तसा. मजुरांपैकी कोणी असेल, असं म्हणून तिनं 'थोडी पुसलेली' असं लिहिलं आणि ती पुढे सरकली. मजूर अजून यायचेच होते, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

२

आप्पा त्या वर्षी एकोणऐंशीचे होते. मोटारींच्या कारखान्यात छत्तीस वर्षं इंजिनीयर म्हणून राबलेला माणूस, पण इलाची आई गेल्यानंतर दोन वर्षांत त्यांचं डोकं विरत चाललं. आधी चाव्या, मग रस्ते, मग नावं. मग इंग्रजी जायला लागलं. पन्नास वर्षं ज्या भाषेत भांडले, हसले, भाषणं ठोकली, ती अशी गळून गेली की जणू कधी शिकलेच नव्हते. उरलं ते नागपूरचं मराठी. डॉक्टर म्हणाले, असं होतं, नंतर आलेली भाषा आधी जाते.

इलानं त्यांना नोव्हायहून आपल्याकडे आणलं. आणताना गाडीत त्यांनी विचारलं होतं, "कुठं ठेवायला नेतेस मला?" तेव्हा तिनं गाडी बाजूला घेतली, त्यांचा हात हातात धरला आणि सांगितलं, "आप्पा, मी तुम्हाला होममध्ये कधीच ठेवणार नाही. प्रॉमिस." तिनं इतकं मनापासून क्वचितच कुणाला काही सांगितलं असेल.

आप्पांना दिलेल्या शब्दाचं भारी महत्त्व. त्याला कारण होतं. एकाहत्तर साली ते नागपूरच्या स्टेशनावर आपल्या आईला "येतो" म्हणून निघाले ते तीन वर्षांनी, तिच्या तेराव्यालाच पोचले. शेजारणी म्हणाल्या, म्हातारी रोज संध्याकाळी दाराशी बसायची. आप्पांनी ही गोष्ट इलाला एकदाच सांगितली, आणि सांगताना ते तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते.

दिवसा आप्पांजवळ शिवांगी नावाची, युनिव्हर्सिटीत शिकणारी एक गोड मुलगी बसायची. तिला लांब शुगर लँडला इंटर्नशिप मिळाली आणि ती गेली. दुसरं मराठी बोलणारं माणूस त्या गावात मिळणं कठीण. इलाचा नवरा संजीव युनिव्हर्सिटीत शिकवायचा, त्याचे तास ठरलेले. तो चांगला माणूस होता, पण व्यवहारी. एका सकाळी त्यानं चहा घेता घेता विषय काढलाच.

"तू जी जागा डिझाइन करतेयस, तीच का नाही? तुझ्या नजरेखालची असेल. कंपनी रूम आधी द्यायला तयार आहे म्हणालीस ना."

"मी प्रॉमिस केलंय, संजीव."

"ते त्यांच्या लक्षात तरी आहे का आता?"

"माझ्या आहे," इला म्हणाली. तिला रडू फुटलं, आणि त्यानं विषय तिथेच सोडला. त्या दिवसापासून ती आप्पांना कामावर सोबत न्यायला लागली.

३

काउंटी होमच्या दर्शनी दालनात एक लाकडी खुर्ची तेवढी राहिली होती. इलानं ती पुसली, आप्पांना बसवलं, पांघरूण दिलं, थर्मासमधला चहा दिला. आप्पा खिडकीतून ड्राइव्हवे बघत शांत बसले. घरी दहा मिनिटंही एका जागी न टिकणारा माणूस तिथे तीन-तीन तास बसून राही. इलाला हायसं वाटलं. आपण उगाच घाबरत होतो, असंही वाटलं.

वर जाऊन तिनं पाहिलं तर चौदाव्या खिडकीसारखेच गोल आता नऊ खिडक्यांवर होते.

ती गोंधळली की मोजायला लागते. टेप काढून तिनं प्रत्येक गोलाची जमिनीपासून उंची घेतली. त्रेचाळीस इंच. वरच्या मजल्यावरही त्रेचाळीस, खालीही त्रेचाळीस. पोक आलेला माणूस खुर्चीत बसला की त्याचे डोळे जिथे येतात, साधारण तिथे. हे तिला आप्पांकडे बघून कळलं. मागच्या बाजूच्या, शेताकडच्या खिडक्यांवर मात्र धुळीचा थर जसाच्या तसा होता. गोल होते ते फक्त ड्राइव्हवेकडच्या काचांवर, आणि धुळीत पावलं होती ती फक्त तिची.

चाव्या सांभाळणारा वॉल्ट जवळच राहायचा. सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. त्याला विचारलं तर म्हणाला, चावी तुझ्याकडे आणि माझ्याकडे, आणि मी काही आत जात नाही. का, असं विचारल्यावर त्यानं खांदे उडवले. मग स्वतःहून एवढंच सांगितलं, की त्याची आई इथे स्वयंपाकाला होती. रविवारी भेटीच्या वेळी सगळ्यांना आंघोळी घालून पुढच्या खिडक्यांत बसवायचे. "कोणी यायचं?" इलानं विचारलं. वॉल्ट म्हणाला, पोचवून जाताना तर सगळेच म्हणायचे की परत येऊ.

चार वाजता तिनं सामान आवरलं, आप्पांना दाराबाहेर घेतलं, कुलूप लावलं आणि सवयीनं म्हणाली, "येते."

आप्पा पायरीवर थबकले. मान तिरकी करून ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा खुलला.

"ये म्हणाले," आप्पा म्हणाले.

"कोण?"

"आतले. रीत आहे हो त्यांना. आपण येते म्हटलं की समोरच्यानं ये म्हणावं."

"आप्पा, तिथे कोणी नाहीये. बिल्डिंग एम्प्टी आहे."

आप्पांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि गाडीत जाऊन बसले.

४

आप्पांना तर टीव्हीतली बातमीदार बाईही घरात आल्यासारखी वाटायची, तेव्हा त्यांचं काय मनावर घ्यायचं. इलानं स्वतःला हे चार-पाच वेळा सांगितलं. प्रश्न काचांचा होता, आणि त्याला काहीतरी सरळ उत्तर असणार.

सुदैवानं तिच्याकडे पुरावा होता. भिंतींचा गिलावा का पोपडतो हे कळावं म्हणून तिनं पुढच्या खोल्यांत हवेतला ओलावा मोजणारी यंत्रं पहिल्याच दिवशी लावून ठेवली होती. काडेपेटीएवढी, दर मिनिटाला नोंद घेणारी. शनिवारी घरच्या टेबलावर तिनं सगळ्या नोंदी लॅपटॉपवर उतरवल्या आणि आलेख काढला. सगळी रेघ सपाट होती. फक्त रोज चार वाजून काही मिनिटांनी एक बारीक टेकाड. सगळ्या खोल्यांत, अगदी एकाच मिनिटाला. एका श्वासाएवढं.

ती इमारतीत दिवसभर वावरायची, श्वास घ्यायची, घाम गाळायची, त्याचं काही उमटलं नव्हतं. उमटलं होतं ते ती बाहेर पडून कुलूप लावल्यावरचं. ती गेली नव्हती त्या दिवशी टेकाडही नव्हतं.

संजीवला दाखवलं. तो आलेखांतला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं बराच वेळ पाहिलं. "दार बंद होताना प्रेशर बदलतं. कंडेन्सेशन असेल, यार."

"रोज? सगळीकडे एकदम?"

"मग तूच सांग, काय असेल?"

इलानं लॅपटॉप मिटला. कसं सांगणार, ज्या मिनिटाला मी "येते" म्हणते त्याच मिनिटाला आत कोणीतरी तोंड उघडतं म्हणून.

सोमवारी तिनं ठरवून काही म्हटलं नाही. ओठ घट्ट मिटून कुलूप लावलं आणि गाडीकडे चालायला लागली. पाठीत कोणीतरी बघत असल्यासारखं वाटत होतं. आप्पा मागे वळून वळून पाहत होते, नाराज होते. "निरोप न घेता निघालीस," ते गाडीत म्हणाले. "बसून राहतील ना ते."

मंगळवारी सकाळी बावीसच्या बावीस काचांवर गोल होते. आणि तळहाताएवढे नव्हते, ताटाएवढे होते. काल दुपारपासून कोणी थांबलंच नसावं, असं ते पुसणं होतं. ती जिन्यात उभी होती तेव्हा वरून आवाज आला. काचेवर कापड फिरतं तसा, कुंई कुंई, कुंई कुंई. घाईचा नव्हता. तिची गाडी येताना दिसली होती, तरी सवयीनं चालू राहिलेला.

पळून जावं असं वाटूनही ती वर गेली. आवाज चौदाव्या खिडकीशी थांबला. खोलीत कोणी नव्हतं. खिडकीपाशी सूर्याची तिरीप होती आणि त्या तिरिपीत काचेवर धरलेली वाफ हळूहळू कडेनं आटत होती. आतल्या बाजूनं धरलेली. इलानं बोट लावून पाहिलं. बोट ओलं झालं, आणि काच किंचित ऊबदार होती.

५

उरलेल्या आठवड्यात तिनं काम कसं संपवलं ते तिचं तिलाच ठाऊक. रोज "येते" म्हणत होती. न म्हणायची हिंमत नव्हती. दर वेळी तिला आपण कुणालातरी फसवतोय असं वाटे, कारण शुक्रवार हा तिचा तिथला शेवटचा दिवस होता. नकाशे पूर्ण झाले की काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं तिनं ठरवलं होतं. ज्याची भीती वाटते त्या जागेशी खोटं बोलू नये, एवढं तिला कळत होतं. खरं काय बोलायचं, तेही ठरलं होतं.

शुक्रवारी चारला तिनं आप्पांना आधी गाडीत बसवलं, पट्टा लावला. एकटीच पायऱ्या चढून दाराशी आली. कुलूप लावलं. जो शब्द सहाव्या वर्षानंतर तिनं कधी उच्चारला नव्हता, तो तिनं मोठ्यानं उच्चारला.

"मी जाते."

आत काही झालं नाही. मग एक आवाज आला. एका माणसाचा नव्हता. पुष्कळ खुर्च्या जमिनीवर एकाच वेळी जराशा सरकाव्यात, तसा. बसलेली माणसं उठायला बघतात, तसा.

"असं बोलू नये, इले."

आप्पा तिच्या मागे उभे होते. पट्टा कसा सोडवला, दार कसं उघडलं, कोण जाणे. रागावलेले होते, त्या बर्फातल्या सकाळसारखे. त्यांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं आणि बंद दाराला हात जोडले. पोरीनं आगाऊपणा केल्यावर बापानं पाहुण्यांची माफी मागावी, त्या सुरात ते म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका. तिला नीट बोलता येत नाही." मग जरा थांबून, "मी येतो."

खुर्च्यांचा आवाज थांबला.

"या म्हणाले," आप्पा समाधानानं म्हणाले. "मला या म्हणाले. वय ओळखतात."

गाडी वळवताना इलानं आरशात बघायचं टाळलं. घरी येईपर्यंत आप्पा गुणगुणत होते. तिनं त्यांना आधी विनवलं, मग दटावलं, मग रडून सांगितलं, की तुम्ही म्हणालात ते मागे घ्या. आप्पा म्हणाले, शब्द असा मागे घेता येतो का.

६

नंतरचं वर्ष वाईट गेलं, आणि त्यात गूढ असं काहीच नव्हतं. कुणाच्याही घरी जातं तसंच गेलं. आप्पा दोनदा पडले. एकदा गॅस तसाच राहिला. एकदा एप्रिलच्या पावसात पायजम्यावर हायवेच्या कडेनं चालताना पोलिसांना सापडले, आणि पोलिसांना ते हसून मराठीत सांगत होते की लोक वाट बघतायत, उशीर झालाय. पोलिसांनी नकाशावर दाखवलं तेव्हा इलानं नीट पाहिलं. ते काउंटी होमच्या दिशेनं निघाले होते, आणि एकही वळण चुकले नव्हते.

घरात दिवाणखान्याच्या खिडकीपाशी त्यांनी खुर्ची ओढून घेतली होती. तिथे बसून ते काचेवर तोंडानं वाफ सोडत आणि बाहीनं पुसत. इला काच रोज धुवायची. त्यानं काही फरक पडत नव्हता.

तिनं सगळं करून पाहिलं. दिवसाची बाई ठेवली, ती आप्पांना कळेना आणि तिला आप्पा कळेनात. स्वतः कामं सोडली, वजन घटलं, संजीवशी भांडली. शेवटी डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, की हे घरात झेपण्यापलीकडे गेलंय, आणि तुझ्या हट्टापायी तेच कुठेतरी मरून पडतील. आसपासच्या सगळ्या जागा तिनं चाळल्या. कुठे रिकामी खोली नव्हती. एकाच ठिकाणी होती, तिच्या नावानं राखून ठेवलेली.

ती रात्र रात्र या विचारात असायची, तोवर आप्पांनीच एका सकाळी पोहे खाता खाता विचारलं.

"मला कधी नेतेस?"

"कुठे, आप्पा?"

"असं काय करतेस? मी येतो म्हटलंय त्यांना."

इलानं त्यांच्या ताटलीत आणखी पोहे वाढले. तिनं दिलेलं वचन त्यांच्या लक्षात नव्हतं. स्वतः दिलेलं होतं.

७

ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी इला आणि संजीव त्यांना घेऊन गेले. इमारत ओळखू येत नव्हती. आत उबदार दिवे, मऊ गालिचे, भिंतींना पिवळसर रंग. सगळं इलाच्याच नकाशांबरहुकूम. आणि खिडक्या जशाच्या तशा. बावीसही जुन्या काचा जपून, धुऊन, लख्ख करून परत बसवलेल्या. नकाशाच्या कोपऱ्यात तिनंच लिहिलं होतं, या काचा कोणत्याही परिस्थितीत बदलू नयेत. आता यादीचा नियमच तो. कोणाला बदलायच्या म्हटल्या तरी बदलता येणार नव्हत्या.

देखरेख करणारी नर्स प्रेमळ होती. म्हणाली, नुकतंच उघडलंय, अजून आमच्याकडे चौघंच आहेत, चौघंही मागच्या, शेताकडच्या खोल्यांत. पुढच्या बाजूला पहिले तुमचेच वडील. एकटं वाटू नये म्हणून आम्ही लक्ष ठेवू. इलानं विचारलं, इथे कोणी मराठी बोलणारं आहे का. नर्स हसून म्हणाली, "तेच विचारणार होते. गेल्या आठवड्यात तुमचं कोणी येऊन गेलं का खोली बघायला? वर कोणीतरी एकच शब्द सारखा घोकत होतं. 'ये, ये' असं काहीसं. भाषा शिकणारी माणसं करतात ना, तसं."

संजीव कागदांवर सह्या करायला थांबला. इला आप्पांना वर घेऊन गेली. दारावर नवा नंबर होता, पण तिला मोजायची गरज नव्हती. चौदावी खिडकी. आप्पा आत शिरले ते घरात शिरावं तसे. खुर्ची खिडकीकडे वळवून बसले, मांडीवर हात घेतले. तिनं त्यांचे कपडे लावले, आईचा फोटो ठेवला, पांघरूण घातलं, परत काढलं, परत घातलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

ती दारात उभी राहिली. "येते" म्हणणं खोटं ठरेल का, हा प्रश्न नव्हता. ती येणारच होती, दर रविवारी, जीव असेतो. पण तो शब्द या भिंतींच्या आत उच्चारायचा म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. दुसरा शब्द तर उच्चारून झाला होता, आणि त्याचीच ही फेड चालली होती. तिच्या तोंडातून काहीच फुटेना. पन्नास वर्षांची बाई, दाराची चौकट धरून पोरीसारखी रडत राहिली.

आप्पा वळले. त्यांचे डोळे स्वच्छ होते, पण ते तिला ओळखत नव्हते.

"काही बोलू नका, बाई," ते समजुतीनं म्हणाले. त्यांनी तिला आजवर कधी बाई म्हटलं नव्हतं. "आम्हाला सवय आहे. इथे सगळे येतो म्हणूनच जातात."

ती जिना कसा उतरली ते तिला आठवत नाही. संजीवनं तिला धरून गाडीत बसवलं आणि राहिलेला एक कागद द्यायला तो परत आत गेला. गाडीच्या काचा वर होत्या, इंजिन बंद होतं. समोर दगडी भिंत, ऊन, बावीस लख्ख काचा. पुढच्या बाजूला आप्पांखेरीज कोणी नाही, असं नर्स म्हणाली होती. चौदाव्या काचेत आप्पांचा चेहरा होता, लहरी पडलेल्या काचेत जरा हललेला.

इलानं डोळे पुसले, पर्स मांडीवर ओढली, आणि निघताना नेहमी होतं तेच झालं. विचार करायच्या आत ओठ हलले.

"येते."

बावीसही काचांवर, त्रेचाळीस इंचांच्या उंचीवर, एकाच वेळी वाफ धरली. तोंडं कुठे दिसत नव्हती. पण आत काय म्हणाले ते तिला कळलं. तो शब्द त्यांना तिनंच शिकवला होता.